दोषाचे स्थान

आपल्या नित्याच्या बोलण्यात ‘दोष’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. घड्याळ मागे पडू लागले म्हणजे त्यात काही दोष आहे असे म्हणतो. आणि घड्याळ मागे पडल्यामुळे गाडी चुकली, की दोष कोणाचा असे विचारतो. पहिला प्रश्न कारणाचा आहे, दुसरा अपराधाचा. दोन्हींसाठी शब्द एकच असल्यामुळे आपले मन एका अर्थावरून दुसऱ्या अर्थावर नकळत सरकते, आणि कारणाचा पत्ता लागण्यापूर्वीच अपराधी मात्र हाती लागलेला असतो. हा घोळ किती महागात पडू शकतो, ते मला एका अगदी घरगुती, कित्येकांना क्षुल्लकही वाटेल अशा प्रसंगाने शिकवले. तो प्रसंग सांगावा आणि त्यातून निघणारा प्रश्न वाचकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही उज्जैनचे. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. त्या काळापासून पुढे कोकणातली आणि देशावरची जी घराणी माळव्यात येऊन स्थिरावली, त्यांतलेच एक आमचे. मी गणिताचा शिक्षक म्हणून निवृत्त झालो. घरात मुलगा, सून आणि नातू. नातवाचा एक संगणक आहे. बाजारातून तयार आणलेला नव्हे. एकेक भाग निवडून, आपल्या हाताने जोडलेला. त्यावर तो शाळेचा अभ्यास करी हे खरे, परंतु संगणक घेतला होता तो खेळांसाठी, हे आम्ही सर्व जाणून होतो. २०२४ च्या मे महिन्यात बारावीचा त्याचा निकाल चांगला लागला. त्या आनंदात, त्याच्या संगणकाची स्मृती दुप्पट व्हावी म्हणून मी फ्रीगंजमधल्या एका दुकानातून रॅमची एक पट्टी त्याला भेट म्हणून आणून दिली. या भेटीचा उल्लेख पुढे पुन्हा येणार आहे.

जूनअखेरीस त्याने एक नवा, फार मोठा खेळ संगणकावर घेतला. आणि जुलैच्या पहिल्याच आठवड्यात निळा पडदा दिसू लागला.

ज्यांचा या यंत्राशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. विंडोजवर चालणारा संगणक क्वचित काम करता करता एकाएकी थांबतो. चालू असलेले सारे नाहीसे होते, सगळा पडदा निळा होतो, आणि यंत्रात काही बिघाड झाला असून ते पुन्हा सुरू होत आहे, अशा अर्थाची दोन वाक्ये त्यावर उमटतात. खाली बारीक अक्षरांत एक सांकेतिक नाव असते. अर्ध्या तासाचे लेखन असो वा तीन तासांचा खेळ, जपून ठेवलेला नसेल तर गेला. एकदा घडले तर माणूस विसरून जातो. आमच्याकडे ते दर दोन दिवसांनी, पुढे एका दिवसात दोनदा घडू लागले.

घरात न्यायदान तत्काळ झाले. ते मीच केले. नवा खेळ आला आणि निळा पडदा आला. मग दुसरे कारण शोधायचे कशाला? शिवाय या निकालाला माझ्या मनाची अनुकूलता आधीपासूनच होती. मुलाने तासन्‌तास खेळात बुडून राहावे हे मला पूर्वीपासून पसंत नव्हते, आणि आता जणू यंत्रानेच माझ्या बाजूने साक्ष दिली होती. मी त्याला बोलावून म्हटले, “अरे, तुझ्या हातात एक वस्तू धड टिकत नाही.” तो म्हणाला, “आजोबा, खेळामुळेच होतं असं अजून ठरलेलं नाही.” मी म्हणालो, “ठरवायचं काय राहिलं आहे?” तो गप्प राहिला. त्यानंतर कितीतरी दिवस तो माझ्याशी कामापुरतेच बोलत असे.

मध्यंतरी घरातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने कारण सुचविले. सूनबाईंना उन्हाळ्याची शंका आली. माळव्यातल्या दुपारी यंत्रच काय, माणूसही थकतो. पंखे पुसून झाले, आतली धूळ काढून झाली, पण पाऊस सुरू होऊन हवा गार झाल्यावर, आणि ज्या माळव्याच्या रात्रींची शीतलता लोक वाखाणतात त्या रात्रींतही, पडदा निळा होतच राहिला. मुलाला वीजपुरवठ्याचा संशय होता. त्याने यूपीएस बदलून पाहिला. शेजाऱ्यांनी सांगितले, सगळे पुसून टाका आणि विंडोज नव्याने घाला. तेही केले. दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी पडदा पुन्हा दिसला. साप साप म्हणून भुई धोपटणे म्हणतात त्यातला हा प्रकार होता. एकाच वेळी चार गोष्टी बदलायच्या आणि काहीच बदलले नाही म्हणून हताश व्हायचे, असे चालले होते.

अशातच १९ जुलै उजाडला. त्या दिवशी सकाळपासून जगभरचे संगणक निळे पडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. विमानतळांवर रांगा लागल्या, आपल्या देशातही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले, कित्येक देशांतली रुग्णालये आणि बँका अडकून पडल्या. मायक्रोसॉफ्टने पुढे दिलेल्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख यंत्रे त्या दिवशी बंद पडली. आमच्या घरात त्या बातमीने चक्क सुटकेचा भाव आला. मुलगा म्हणाला, “हा सगळ्या जगाचाच प्रकार दिसतो.” परंतु तेही खरे नव्हते. तो अनर्थ क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या संरक्षक प्रणालीत पाठविलेल्या एका सदोष फाइलमुळे घडला होता, आणि ती प्रणाली मोठ्या संस्थांच्या यंत्रांवर असते. आमच्या घरच्या संगणकावर ती कधीच नव्हती. शिवाय आमचा पडदा त्यापूर्वी सुमारे दोन आठवडे निळा होत होता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, एवढेच. पण स्वतःवरचा आळ टळत असेल तर असल्या कावळ्याचेही माणूस स्वागत करतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

जुलैच्या अखेरच्या आठवड्यात माझ्या आग्रहावरून तो खेळ संगणकावरून काढून टाकण्यात आला. तीन दिवस काही झाले नाही. मी मनातल्या मनात विजयी झालो होतो.

आता जे सांगायचे आहे ते सांगताना मला आजही संकोच वाटतो. २८ जुलैला, रविवारी दुपारी, घरात सगळे निजले असताना, मी त्या संगणकावर एक पत्र लिहीत बसलो होतो. खेळ यंत्रात नव्हता. दुसरे काहीही चालू नव्हते. सव्वाचारच्या सुमारास माझे पत्र नाहीसे झाले आणि माझ्यासमोर तो निळा पडदा उभा राहिला. मी क्षणभर पाहत राहिलो, मग बटण दाबून यंत्र बंद केले. चहाच्या वेळी सर्व जमले तेव्हा मी काही बोललो नाही. पुढचे सहा दिवसही बोललो नाही.

का बोललो नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी खोटे बोलणारा मनुष्य नाही, असे माझे स्वतःविषयी मत आहे. त्या दिवशी मी खोटे बोललोही नाही. मी केवळ एक नोंद दडविली, कारण ती माझ्या निकालाविरुद्ध जात होती. निकाल देताना मला वाटत होते की मी यंत्राविषयी बोलत आहे. नोंद दडविताना कळले की मी माझ्या प्रतिष्ठेविषयी बोलत होतो. न्यायाधीशाने एकदा शिक्षा फर्मावली, की निर्दोषत्वाचा पुरावा हा त्याच्यावरचाच आरोप होऊन बसतो.

ऑगस्टच्या आरंभी नातवाने एक वही माझ्यासमोर आणून ठेवली. काही बोलला नाही. महिनाभर, माझे शब्द पोटात घेऊन, तो नोंदी करीत होता: तारीख, वेळ, त्या क्षणी काय चालू होते, आणि पडद्यावरचे सांकेतिक नाव. एकूण २१ नोंदी होत्या. १४ खेळत असताना, ५ इतर काम करताना आणि शेवटच्या २ खेळ काढून टाकल्यानंतरच्या. सांकेतिक नाव प्रत्येक वेळी एकच नव्हते. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. तो म्हणाला, “आजोबा, चूक एकाच प्रोग्रॅमची असती तर नाव बहुधा एकच आलं असतं. नावं बदलताहेत, म्हणजे जिथे सगळ्यांचंच सामान ठेवलं जातं तिथे काही बिघडलं असावं. मला स्मृतीचा संशय येतो.”

मी वही मिटली आणि त्याला २८ जुलैची हकीकत सांगितली. सहा दिवस ती का सांगितली नाही, तेही सांगितले. त्याने माझ्याकडे थोडा वेळ पाहिले. मला वाटले आता काही बोलेल. त्याने वही उघडली, पेन काढले आणि विचारले, “वेळ नक्की किती होती, आजोबा?” मी म्हणालो, सव्वाचार. त्याने बाविसावी नोंद लिहिली. “आणि नाव काय आलं होतं?” मी नाव पाहिले नव्हते. ती चौकट रिकामी राहिली. आजही रिकामीच आहे.

आपल्या न्यायशास्त्राने कारण ओळखण्याची एक जुनी कसोटी सांगितली आहे: अन्वय आणि व्यतिरेक. जेथे कारण असेल तेथे कार्य असले पाहिजे, आणि जेथे कारण नसेल तेथे कार्यही असता कामा नये. दोन्ही बाजू जुळल्यावाचून कारण सिद्ध होत नाही. माणसाचे मन अन्वयावर भाळते. खेळ होता, पडदा निळा झाला, झाले! व्यतिरेक मात्र शोधावा लागतो, वाट पाहावी लागते, आणि तो बहुधा आपल्या मताच्या विरुद्ध बाजूने येतो. माझ्या डोळ्यांसमोर २८ जुलैला व्यतिरेकच उभा राहिला होता. खेळ नव्हता, तरी पडदा होता. मी वर्गात मुलांना सांगत आलो होतो की एक प्रतिउदाहरण शंभर उदाहरणांना पुरून उरते. स्वतःच्या घरात मी ते प्रतिउदाहरण गिळून टाकले.

उज्जैनकराला तर या बाबतीत अज्ञानाची सबब सांगता येऊ नये. क्षिप्रेकाठी जयसिंगाची वेधशाळा आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंगाने ती बांधली आणि १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार करविला. धातूची लहान यंत्रे का सोडली याचे कारण जयसिंगाच्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत दिले आहे: त्यांचे आस झिजतात, मध्य ढळतो, आकार लहान असल्यामुळे सूक्ष्म विभाग पाडता येत नाहीत. म्हणजे वेध आणि गणित यांत फरक पडला तेव्हा त्याने आधी आपल्या साधनावर संशय घेतला. दिल्लीला चुन्या-दगडांची अचल यंत्रे उभारल्यावरही तो थांबला नाही. तेथले वेध खरे आहेत की नाहीत हे पडताळण्यासाठी त्याने तशीच यंत्रे जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जैन येथे उभारली. आपले म्हणणे खोटे ठरविण्याची संधी चार शहरांना द्यावी, एवढा त्याचा सत्याविषयीचा आदर होता.

त्याच वेधशाळेतल्या सम्राट यंत्राजवळ मी कित्येक वर्षे विद्यार्थ्यांना नेत असे. सावलीवरून वेळ वाचली की मुले मनगटाकडे पाहत आणि हसत. यंत्र चुकते, म्हणत. मग मी समजावीत असे की यंत्र उज्जैनची वेळ सांगते आणि तुमचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. या दोन रेखांशांमुळे सुमारे २७ मिनिटांचे अंतर पडते, आणि सूर्याच्या गतीतल्या भेदामुळे ते फेब्रुवारीत ४१ मिनिटांपर्यंत वाढते आणि नोव्हेंबरच्या आरंभी जेमतेम ११ मिनिटांवर येते. फरक दिसला म्हणजे कोणीतरी चुकले असे समजू नका, आधी तो कोठून आला हे पाहा, असा माझा उपदेश असे. उपदेश उत्तम होता. देणाऱ्याला तेवढा तो लागू पडला नव्हता.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून जे केले ते अगदी साधे होते; फक्त क्रमाने केले आणि एका वेळी एकच गोष्ट बदलली. ‘मेमटेस्ट’ नावाची एक प्रणाली आहे. ती पेनड्राइव्हवर घालून विंडोज सुरू होण्याआधीच चालविता येते, आणि ती स्मृतीच्या प्रत्येक कप्प्यात काही लिहून तेच परत वाचता येते की नाही ते तपासत बसते. पहिल्या रात्री जुनी पट्टी एकटी ठेवली. सकाळपर्यंत एकही चूक नाही. दुसऱ्या रात्री माझी भेट दिलेली पट्टी एकटी, त्याच खाचेत. एकही चूक नाही. तिसऱ्या आणि चौथ्या रात्री खाच बदलून पुन्हा दोघींची पाळी. दोन्ही निर्दोष. नातवाचा चेहरा उतरला. त्याचाही एक निकाल आता खोटा पडत होता. पाचव्या रात्री दोन्ही पट्ट्या एकत्र लावल्या. दीड तासात पडदा तांबड्या ओळींनी भरून गेला.

तेव्हा कारण कळले. दोन्ही पट्ट्यांवर क्षमता तीच आणि वेगही तोच, ३२००, छापलेला होता. परंतु कारखाने वेगळे, आतल्या चकत्या वेगळ्या, प्रतिसादाची लय वेगळी. संगणकाच्या नियंत्रकाला दोघींना एकाच तालावर हाकावे लागते. प्रत्येकीला तो ताल एकटीने साधत होता, दोघींना मिळून साधत नव्हता. दुकानात पट्टी बसविली तेव्हा यंत्र आपल्या मूळच्या संथ वेगाने चालत होते, म्हणून महिनाभर काही दिसले नाही. जूनअखेरीस, नव्या खेळासाठी, नातवाने बायोसमध्ये जाऊन छापील वेग चालू केला. खेळ आणि वेग एकाच आठवड्यात आले. आम्हाला खेळ दिसला, वेग दिसला नाही. खेळाच्या वेळी पडदा अधिक वेळा निळा होई, कारण तो मोठा खेळ स्मृतीचे सारे कप्पे भरून टाकी आणि दोष असेल तर तो उघडा पडे. आम्ही सुळावर दिला होता तो साक्षीदाराला. सहाव्या रात्री वेग २४०० वर आणला. दोघी मिळून सकाळपर्यंत बिनचूक चालल्या. सातव्या रात्री, खात्रीसाठी, पुन्हा ३२०० केला, आणि पुन्हा त्या तांबड्या ओळी आल्या. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळले.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. दोष कोणाचा? जुनी पट्टी निर्दोष होती. नवी पट्टीही निर्दोष होती. खेळ निर्दोष होता. दोष होता तो जोडीत. आपल्याला अशा दोषाची कल्पना करणे जड जाते, कारण आपण दोषाला नेहमी एखाद्या वस्तूत किंवा व्यक्तीत राहायला जागा देतो. वास्तविक संसारात कितीतरी दोष असेच दोघांच्या मध्ये असतात. घरात सासू चांगली असते, सूनही चांगली असते. शाळेत शिक्षक विद्वान असतो आणि विद्यार्थी बुद्धिमान. एकेकाची परीक्षा घेतली तर प्रत्येक जण उत्तीर्ण होतो, आणि आपण बुचकळ्यात पडून ज्याचा आवाज लहान त्याच्या माथी दोष मारून मोकळे होतो. आमच्या घरात लहान आवाज नातवाचा होता.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. दोष जर कोणातच नाही, तर जबाबदारीही कोणाचीच नाही, असे म्हणायचे काय? मग प्रत्येक अपराधी ‘परिस्थिती जुळली नाही’ म्हणून सुटेल. मला असे वाटते की येथेच ‘दोष’ शब्दाचे दोन अर्थ वेगळे केल्याचा लाभ होतो. कारण जोडीत होते. जबाबदारी जोडणाऱ्याची होती. दुकानदार मला म्हणाला होता, “बाबूजी, रैम तो रैम होती है,” आणि मी मान डोलाविली होती. घरच्या पट्टीशी ही जुळेल काय, हे नातवाला विचारण्याचे मला सुचले नाही, कारण भेट गुप्त ठेवून त्याला चकित करायचे होते. नातवानेही वेग वाढविताना दोन पट्ट्या भिन्न आहेत याचा विचार केला नाही. म्हणजे जबाबदारीचे वाटप करायचेच तर माझा वाटा सर्वांत मोठा होता. पट्टी मी आणली, निकाल मी दिला आणि पुरावाही मीच दडविला.

१९ जुलैच्या त्या जागतिक अनर्थाचा अहवाल क्राउडस्ट्राइकने ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केला, त्यातही मला हीच गोष्ट आढळली. प्रणालीच्या एका भागाच्या व्याख्येप्रमाणे २१ रकाने होते, आणि प्रत्यक्षात त्याला पुरविले जात होते २०. एकविसावा रकाना वाचू जाताच यंत्र नसलेल्या जागी हात घाली आणि पडे. दोन भागांच्या मधल्या या तफावतीचा बिघाड महिनोन्‌महिने सुप्त होता. पण म्हणून कंपनी जबाबदारीतून सुटत नाही. फाइल आधी थोड्या यंत्रांवर पाठवून पाहायची आणि मग सर्वांना द्यायची, एवढी सावधगिरी घेतली असती तर अनर्थ लहान राहिला असता. चूक ७८ मिनिटांत मागे घेण्यात आली. पडलेली यंत्रे उभी करायला मात्र माणसांना एकेका यंत्रापाशी जावे लागले. अविचाराने उच्चारलेला शब्द आणि त्याचे निस्तरणे यांतले प्रमाणही साधारण असेच असते.

याच्या उलट टोकाचे दोषही असतात, त्यांना जोडणाराही नसतो. २००३ च्या मे महिन्यात बेल्जममधल्या स्कारबेक येथील निवडणुकीत एका उमेदवाराच्या मतांत ४०९६ मते अधिक निघाली. इतकी, की ती मिळणे शक्यच नव्हते. ४०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. स्मृतीतला एकच कण शून्याचा एक झाला तर नेमका एवढाच फरक पडतो. यंत्र पुन्हा पुन्हा तपासले, त्यात काही सापडले नाही. कण आपोआप उलटला असावा, असाच निष्कर्ष काढावा लागला. अवकाशातून येणारे किरण असे करू शकतात. अशा दोषासाठी कोणाला अपराधी धरणे हा अन्यायच होईल. परंतु आकस्मिक दोष परत येत नाही. जो दोष पुन्हा पुन्हा येतो तो आपल्याला काही सांगू पाहत असतो. त्याला दैव म्हणून सोडून देणे हाही एक प्रकारचा आळस आहे.

शेवटी त्या निळ्या पडद्याविषयी. महिनाभर आम्ही त्यालाच रोग समजत होतो. नातवाने मला समजावून दिले की तो यंत्राचा बिघाड नसून यंत्राचा निर्णय असतो. संगणकाच्या गाभ्याला जेव्हा कळते की आपल्याजवळची नोंद आता विश्वासार्ह राहिलेली नाही, तेव्हा त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. काही झालेच नाही असे दाखवून पुढे चालत राहावे आणि चुकीची माहिती तबकडीवर, कायमच्या दप्तरात लिहून टाकावी. किंवा सर्वांसमक्ष थांबावे, थांबण्याचे कारण नोंदवून ठेवावे आणि पुन्हा आरंभ करावा. ते दुसरा मार्ग स्वीकारते. त्यात आपली गैरसोय होते, हातातले काम जाते, आपण त्याला शिव्या देतो. पण त्या थांबण्यामुळेच उरलेले दप्तर बरेचसे शुद्ध राहते.

२८ जुलैच्या दुपारी सव्वाचार वाजता त्या खोलीत दोघांना आपली नोंद चुकीची असल्याचे कळले होते. यंत्र थांबले. मी चालत राहिलो, आणि पुढले सहा दिवस एका मुलाच्या खात्यावर चुकीचे लिहीत राहिलो. मनुष्याला विवेक आहे आणि यंत्राला नाही, हे मी अजूनही मानतो. परंतु विवेक असणे म्हणजे काय, याची माझी कल्पना त्या दिवसापासून थोडी बदलली आहे. आपल्या स्मृतीत खोट आहे असे जाणवताच, भोवती कोण पाहते आहे याची पर्वा न करता थांबता येणे, हा त्याचा पहिला भाग असला पाहिजे. कारण शोधणे, जबाबदारी वाटणे, क्षमा मागणे, हे सारे त्यानंतरचे.

नातू आता शिक्षणासाठी बाहेरगावी असतो. संगणक माझ्या स्वाधीन आहे आणि हा लेख मी त्यावरच लिहिला. दोन्ही पट्ट्या २४०० च्या वेगाने एकमेकींच्या पावलात पाऊल टाकून चालतात. निळा पडदा त्यानंतर दिसला नाही. तो आता दिसलाच तर निळाही नसेल, कारण २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याचा रंग काळा केला आहे. वही मात्र मेजाच्या खणात तशीच आहे. बाविसाव्या नोंदीतली रिकामी चौकट मी अधूनमधून उघडून पाहतो.